कागद कुणाच्या नावावर?

(नाशिकमध्ये खानावळी चालवणाऱ्या आणि पोळी-भाजी विकणाऱ्या स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला भाषण करता येत नाही. सातपूरला माझी खानावळ आहे, तिथे जे झालं ते सांगते.

१९९८ साली आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली. मी घरातच डबे सुरू केले. आधी सहा, मग चाळीस. नंतर रस्त्यालगत एक गाळा भाड्याने घेतला. पहाटे चारला कणीक मळायची ती मी, उधारी वसूल करायची ती मी. पण ऑफिसात जायचं ते ह्यांनी. 'बाईमाणसाने कशाला रांगेत उभं राहायचं?' हे मलाही बरंच वाटायचं. त्यामुळे भाडेकरार त्यांच्या नावावर, दुकानाचा दाखला त्यांच्या नावावर आणि २०१२ मध्ये अन्नाची नोंदणी केली तीही त्यांच्याच नावावर.

जून २०१४ मध्ये हे गेले. पंधरा दिवसांनी मी पुन्हा चूल पेटवली. पोरांच्या फिया होत्या. नोव्हेंबरात तपासणीला साहेब आले. भिंतीवरचा कागद पाहिला आणि विचारलं, "हे कुठे आहेत?" मी म्हटलं, "वारले." ते म्हणाले, "मग खानावळ कुणाची?"

मला उत्तर देता येईना. सोळा वर्षं मीच रांधलं, पण कागदावर मी नव्हतेच. त्याच आठवड्यात दीर गल्ल्याशी येऊन बसले. म्हणाले, "धंदा भावाचा होता, भिंतीवरचा कागदच सांगतो." एका मध्यस्थाने आठ हजार मागितले, 'सगळं मिटवतो' म्हणाला. मी एकोणीस दिवस खानावळ बंद ठेवली.

त्या एकोणीस दिवसांत आपल्या गटातल्या बायका माझ्याबरोबर कायदा वाचायला बसल्या. तेव्हा मला कळलं ते तुम्ही सगळ्यांनी ऐका. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, पण तो लागू झाला ५ ऑगस्ट २०११ पासून. त्यासोबतच्या परवान्याच्या नियमांत लिहिलं आहे की धनी वारला तर परवाना किंवा नोंदणी नव्वद दिवस वारसासाठी चालू राहते. तेवढ्या दिवसांत वारसाने अर्ज करायचा, मुदत वाढवूनही मागता येते. माझे नव्वद दिवस सप्टेंबरातच संपले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

मग मी माझ्या नावाने नवा अर्ज केला. घरमालकांनी जागेचा कागद माझ्या नावाने लिहून दिला, कारण भाडं दर महिन्याला कुणाच्या हातून येतं हे त्यांना ठाऊक होतं. आमच्यासारख्या लहान धंद्याच्या नोंदणीची फी तेव्हा वर्षाला शंभर रुपये होती. पाच वर्षांचे पाचशे झाले. कुठे आठ हजार आणि कुठे पाचशे! नोंदणीने मालकी ठरत नाही, हे मला आता कळतं. पण माझ्या नावाचा कागद भिंतीवर लागला आणि दीर गल्ल्यावरून उठले.

यापुढची चूक मात्र माझीच. २०१९ मध्ये मुदत संपली तरी माझ्या लक्षात आलं नाही. पुन्हा नव्याने अर्ज करावा लागला. तेव्हापासून दिवाळीत नवी दिनदर्शिका आली की मी पहिल्यांदा तिच्यावर तारखा लिहिते. अन्न नोंदणी कधी संपते, भाडेकरार कधी संपतो, पाणी कधी तपासायचं, वैद्यकीय तपासणी कधी करायची. फी, मुदत, मर्यादा बदलत असतात. शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका, आपल्या कागदावर काय छापलंय ते वाचा.

वैद्यकीय तपासणीबद्दल एक बोलते, राग मानू नका. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकीची वर्षातून एकदा डॉक्टरकडून तपासणी करायची आणि तिचा दाखला ठेवायचा असा नियम आहे. माझ्याकडे तीन बाया पोळ्या लाटतात. पहिल्या वर्षी मी तपासणीचे पैसे त्यांच्या पगारातून कापले. एक जण म्हणाली, "ताई, कागद तुम्हाला हवा आणि पैसे आमचे?" मी खाली मान घातली. आता पैसे मी भरते आणि त्या दिवसाची मजुरीही देते. आपण हक्काची भाषा बोलतो, तर ती आपल्या चुलीपाशीही चालली पाहिजे.

आता तपासणीविषयी. साहेब आले की आपल्या हातापायांतलं बळ जातं. पण कायद्याने त्यांनाही बांधलं आहे. नमुना घेतला तर नेहमीच्या विक्रीच्या भावाने त्याचे पैसे त्यांनी द्यायचे असतात. नमुन्याचे चार भाग करून ते सील करायचे असतात. काही कमी आढळलं तर सुधारणा नोटीस लेखी द्यावी लागते. तिच्यात काय चुकलं, काय करायचं हे लिहिलेलं असतं आणि मुदत चौदा दिवसांपेक्षा कमी देता येत नाही. म्हणून कुणी तोंडी 'उद्या बंद करू' म्हणालं तर नम्रपणे म्हणा, "साहेब, लिहून द्या." हे तीन शब्द मी आरशासमोर उभी राहून पाठ केलेत. पण आपली मोरी तुंबलेली असेल, पीठ उघडं असेल, तर हे शब्द तोंडातून निघत नाहीत. आधी आपलं घर नीट हवं.

मुंबईच्या गिरणगावात १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्यांना एकत्र केलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या त्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायचं तर बँकेचं कर्ज हवं होतं. त्या मंडळातून बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावावर कर्ज मिळालं. रांधणारीचं नाव कागदावर आणण्याचं काम तेव्हापासून चालू आहे, आपण ते पुढे न्यायचं.

नाशिकला सिंहस्थ येतो तेव्हा रामकुंडापासून तपोवनापर्यंत लाखो माणसं जेवतात. चुलीपाशी तेव्हाही आपणच असतो. म्हणून आज घरी गेल्यावर एकच काम करा. पेटी उघडा, सगळे कागद बाहेर काढा आणि प्रत्येकावर दोन गोष्टी बघा, नाव कुणाचं आणि तारीख कुठली. नाव तुमचं नसेल तर त्यावर घरात बोला. हे जिवंत असताना मी बोलले नाही. ते नाही म्हणाले नसते, असं मला वाटतं. पण मी कधी विचारलंच नाही.

पुढच्या बैठकीला कागद घेऊन या. आपण एकत्र बसून वाचू.