पॅनकेकची एकच डबी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



विषय 'सौंदर्याचा बाजार' असा दिला आहे. मी मात्र माझ्या हातातल्या स्पंजापासून सुरुवात करते.

आमच्या वस्तीतल्या शाळेत दर डिसेंबरात स्नेहसंमेलन होतं. नाचातल्या मुलींना रंगवायला बाई आम्हा कार्यकर्त्यांना बोलावतात. त्या वर्षी कोळीनृत्य होतं. १६ मुली, पाऊण तास आणि पॅनकेकची एकच डबी, गोऱ्या रंगाची. ओला स्पंज फिरवायचा, लाली, काजळ, की पुढची. नटण्याला माझा विरोध नाही. आपल्यातल्या काहीजणी लिपस्टिक म्हटलं की नाक मुरडतात. पण आरशासमोर त्या मुलींनी जो दंगा घातला, तो मला हवाच आहे.

रांगेत शेवटी आठवीतली एक मुलगी होती. काळी. ('सावळी' म्हणून आपण किती सांभाळून घेतो, पाहा.) म्हणाली, "ताई, मला दोनदा लावा. बाई म्हणाल्या, उजळ दिसलीस तर पुढच्या ओळीत घेईन."

मी लावलं, दोनदा. चेहरा राखेसारखा झाला. मग तिने हात पुढे केले. डबी संपली होती. पुढच्या ओळीत ती नाचली खरी, पण वल्हवायची वेळ आली की हात मागेच.

'फेअर अँड लव्हली' १९७५ साली आली, २०२० साली तिची 'ग्लो अँड लव्हली' झाली. नाव बदलायला लावणाऱ्यांत बायकाही होत्या, चांगलंच झालं. पण त्या दिवशी स्पंज कुठल्या कंपनीच्या हातात नव्हता. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या, वस्तीत समतेची सत्रं घेणाऱ्या माझ्याच हातात होता.

नंतर नाटकातल्या एका रंगभूषाकारांना विचारलं. ते म्हणाले, रंग जबड्यापाशी लावून पाहायचा, गळ्याशी जुळेल तो घ्यायचा. पांढरा केलेला चेहरा दिव्यांत सपाट दिसतो. उठाव द्यायचा तो डोळ्यांना, भुवयांना. इतकं साधं कसब! आम्ही मात्र रंगवणं म्हणजे गोरं करणं असंच धरून चाललो होतो.

पुढच्या डिसेंबरात वर्गणी काढून तीन छटा आणल्या. ओळींवरून बाईंशी वाद घातला, तेव्हा कुठे उंचीप्रमाणे उभं करायचं ठरलं. ती मुलगी नाचात नव्हती, पडदा ओढायला होती. मी नवी डबी दाखवली.

"राहू द्या ताई," ती म्हणाली, "इथे कोणाला दिसतंय?"