सिस्टरच्या हातातली बाहुली



रंगमंचावर पाच सिस्टर उभ्या आहेत. मठातल्या स्वयंपाकीण सिस्टरने केलेल्या सुपातून विषबाधा झाली आणि एकाच जेवणात बावन्न जणी गेल्या. त्या संध्याकाळी ज्या बिंगो खेळायला बाहेर होत्या, त्या तेवढ्या वाचल्या. एकेकीचं दफन होत आलं होतं, पण मदर सुपिरियरने हातात असलेल्या पैशांतून मठासाठी व्हिडिओ रेकॉर्डर घेतला आणि शेवटच्या चौघींसाठी काही उरलंच नाही. त्या चौघी सध्या फ्रीझरमध्ये आहेत. त्यांच्या दफनाचा खर्च काढायला या पाच जणी शाळेच्या हॉलमध्ये नाचगाण्याचा कार्यक्रम करतायत.

हे 'नन्सेन्स' नावाचं अमेरिकन संगीत नाटक. लेखन, गाणी आणि संगीत, तिन्ही डॅन गॉगिन यांचं. न्यूयॉर्कमध्ये ते डिसेंबर १९८५मध्ये रंगमंचावर आलं आणि १९९४पर्यंत तिथे त्याचे ३,६७२ प्रयोग झाले. पुढे वीसहून अधिक भाषांत ते गेलं.

मठ, मृत्यू आणि फ्रीझर यांवर हसावं का, असं कोणाच्याही मनात येईल. आपल्याकडे तर येईलच. भुसावळच्या सेंट अलॉयसियसमध्ये किंवा धुळ्याच्या कनोसा कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या कितीतरी मुलींनी सिस्टरांची शिस्त आणि माया दोन्ही अनुभवली आहे. त्यांना हे नाटक खुपेल का? मला नाही वाटत. गॉगिन स्वतः सिस्टरांच्याच हाताखाली शिकलेले. सुरुवातही त्यांनी नाटकापासून केली नव्हती. एका सिस्टरच्या तोंडी मजेशीर वाक्यं घालून त्यांनी भेटकार्डं काढली, ती लोकांना आवडली आणि त्यातून हे सगळं वाढत गेलं. शिवाय नाटकात कोणी बाहेरचा येऊन सिस्टरांची टर उडवत नाही. हसतात त्या स्वतःच. व्रत कोणी मोडत नाही, श्रद्धा कोणी सोडत नाही. चेष्टा होते ती मठातल्या मानापमानांची आणि आपल्या वाट्याला स्वतंत्र गाणं आलं नाही म्हणून धुसफुसणाऱ्या सिस्टरची. बायकांच्या कोणत्याही मंडळात बसलेल्या बाईला हे सगळं ओळखीचं आहे.

त्या पाच जणींत एक आहे सिस्टर मेरी अम्नेशिया. डोक्यावर क्रूस पडला आणि तिची स्मृती गेली. आपण मूळच्या कोण हेही तिला सांगता येत नाही. मूळ संचात ही भूमिका सेमिना डी लॉरेंटिस यांनी केली. अम्नेशिया भाबडी आहे, बुजरी आहे, आणि तिला गाण्याचा गळा आहे. एका गाण्यात ती हातावर बाहुली चढवून येते. बाहुलीसुद्धा सिस्टरच, तिचं नाव सिस्टर मेरी ॲनेट. आणि मग जे अम्नेशियाच्या ओठांवर कधी येणार नाही, ते ही बाहुली फटाफट बोलायला लागते. नन व्हायचंय म्हणतेस, मग काय काय सोडावं लागेल ते ऐकून घे, असा तिचा रोख.

हे काम करणाऱ्या नटीबद्दल मला फार आदर वाटतो, कारण तिला एकाच वेळी दोन बायका व्हायचं असतं. तिचा उजवा हात म्हणजे बाहुलीचं डोकं. चार बोटं वरचा जबडा आणि अंगठा खालचा. नवशिकी मुलगी बोलताना चारही बोटं वर उडवते, आणि मग दर शब्दाला बाहुली आढ्याकडे बघते. जाणती नटी वरची बोटं स्थिर ठेवते आणि अंगठा खाली सोडते, तोही दर अक्षराला, नेमका स्वर उमटतो त्या क्षणी. गाण्यात स्वर लांबला की अंगठा तेवढा वेळ खालीच धरायचा. बाहुली बोलते तेव्हा नटीने तिच्याकडे बघायचं, कारण नटी बघते तिकडे प्रेक्षक बघतो. स्वतः बोलते तेव्हा बाहुलीला आपल्याकडे वळवायचं. आणि बाहुली गप्प असली तरी तिला मरू द्यायचं नाही. मनगटातून बारीकशी हालचाल चालू ठेवायची, म्हणजे ती श्वास घेतेय असं वाटतं. हे सगळं करताना गाणं चालू असतं, दोन आवाजांत, आणि दम मात्र एकच.

आपल्याकडे ही कला म्हटली की पाध्ये घराणं आठवतं. यशवंत केशव पाध्ये यांनी अर्धवटराव जन्माला घातला, मुलगा रामदास पाध्ये यांनी त्याला घरोघरी पोचवलं, आणि अपर्णा पाध्येही त्यांच्यासोबत बाहुल्या घेऊन उभ्या राहिल्या. १९९३च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू त्यांच्याच हातचा. त्यांची विद्या शब्दभ्रमाची, म्हणजे ओठ न हलवता बोलण्याची. ती किती कठीण आहे ते आत्ता घरी बसल्या बसल्या करून पाहा. ओठ किंचित उघडे ठेवा, दात जवळ आणा आणि 'माय' म्हणा. नाही जमणार. प, फ, ब, भ, म या पाच अक्षरांना ओठ मिटावेच लागतात. मग शब्दभ्रमकार म-च्या जागी न-च्या जवळचा आवाज काढतो, ब-च्या जागी द-च्या जवळचा, आणि जीभ इतकी चपळ ठेवतो की आपला कान चूक दुरुस्त करून घेतो. माय, बाई, बहीण, मावशी, फुई: आपल्या घरातल्या बायकांची नावं नेमकी या ओठांच्या अक्षरांनी सुरू होतात!

'नन्सेन्स'मधल्या नटीला मात्र ओठ लपवायची सक्ती नाही. तिचे ओठ हलले तरी थोड्या वेळात आपण ते विसरतो. अमेरिकेत एडगर बर्गन नावाचे शब्दभ्रमकार होते. चार्ली मॅकार्थी हा त्यांचा लाकडी पोऱ्या १९३७पासून जवळजवळ वीस वर्षं रेडिओवर गाजला. रेडिओवर! श्रोत्यांना ना बाहुला दिसत होता ना बर्गन यांचे ओठ, तरी देशभर चार्लीची वाट पाहिली जायची. लोक ऐकत होते तो एका आगाऊ पोराचा स्वभाव. या माइकसमोर बसून ती गोष्ट सांगताना मला विशेष आनंद होतो.

आता आपल्या मुलखाकडे येते. विरक्त बाईने हसावं की नाही याचा निकाल खान्देशात फार पूर्वीच लागलेला आहे. मुक्ताईनगरला जिची समाधी आहे, त्या मुक्ताबाईची आख्यायिका घराघरांत माहीत आहे. चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र पाठवायचं ठरवलं, पण मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून कोरा कागदच पाठवला. तो पाहून लहानगी मुक्ता म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हे कोरेच राहिले. त्याच चांगदेवांनी पुढे तिला गुरू केलं. तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांचं देऊळ आहे. मुक्ताबाईच्या त्या बोलण्यात चेष्टा होती, आणि तिच्यामुळे कोणाचीही भक्ती उणावली नाही.

आणि बाहुल्या? त्या तर आपल्या मुलींच्या हातातच आहेत. भादव्याच्या पौर्णिमेला मातीची गुलाबाई बसते, कुठे तिला भुलाबाई म्हणतात, शेजारी गुलोजी. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली घरोघर जमून टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि मग झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. त्या गाण्यांत सासू असते, नणंद असते, माहेरी जाऊ न देणारं घर असतं, आणि सगळ्यांची यथेच्छ टिंगल असते. म्हणणाऱ्या मुलीला कोणी रागावत नाही, कारण ते दुःख गुलाबाईचं आहे! सिस्टर अम्नेशियाला बाहुली देते ती मोकळीक हीच. जिला घराचा किंवा व्रताचा धाक आहे, तिला तो धाक न मोडता खरं बोलायची वाट सापडते.

ही वाट हसण्यापुरतीच नाही. अभिनेत्री आणि बाहुलीकार असं दुहेरी काम मराठीत ज्यांनी निष्ठेने केलं, त्या मीना नाईक यांनी 'वाटेवरती काचा गं'मध्ये मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराचा विषय रंगमंचावर आणला. मोठ्या माणसाला सांगता न येणारी गोष्ट मूल बाहुलीला सांगतं, हे मुलांबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या नाट्यसंस्थांना, महिला मंडळांना आणि भुलाबाई महोत्सव भरवणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे. आपल्याकडे गळा असलेल्या मुली आहेत, हौशी राज्य नाट्य स्पर्धेची सवय आहे, बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. एखादीच्या हातात बाहुली द्या. महाग काही लागत नाही. जुना लांब मोजा, तोंडाच्या जागी दुमडलेला पुठ्ठा आणि दोन बटणं पुरतात. आधी आरशासमोर, गाणं न म्हणता, नुसता अंगठा सोडायचा सराव. मुलगी प्रमाण मराठीत बोलली तरी चालेल, पण बाहुलीला मात्र अहिराणी बोलू द्या. पडदा उघडताच मुलगी बावरून गप्प उभी असावी, आणि बाहुलीने पहिल्या रांगेतल्या आजीकडे वळून विचारावं, "काय करी ऱ्हायनी व माय?"