सरळ केलेलं हँडल

आजचा विषय मोटारसायकलचं हँडल. कवीला बोलावल्यावर कवितेवर बोलावं अशी अपेक्षा असते. पण मध्यंतरी एका हँडलनं मला जे शिकवलं, ते आधी सांगावंसं वाटतं.

मी नांदेडचा. धाकटी मुलगी बारावीसाठी लातूरला. ‘लातूर पॅटर्न’ आता घरोघरी ठाऊक आहे. महिन्यातून एकदा डबा, धुतलेले कपडे आणि आईचे निरोप घेऊन मी लोहा, अहमदपूर, चाकूर करत मोटारसायकलनं तिच्याकडे जातो. बसनं जा म्हणतात घरचे. मी ऐकत नाही.

गेल्या दिवाळीआधी लोह्याच्या पुढे मी पडलो. सोयाबीनची रास सुरू होती. रस्त्याच्या कडेला शेंगा वाळत घातलेल्या. समोरून ट्रक आला, मी कडेला घेतलं आणि चाक शेंगांवरून सरकलं. गुडघा खरचटला, एवढंच. हँडल मात्र डावीकडून वाकलं. वाटेतल्या एका गॅरेजात लोखंडी पाइप घालून, जोर लावून ते ओढलं. ‘घ्या, झालं सरळ!’ थोडक्यात काम भागलं म्हणून मीही खूश.

त्यानंतर डावा खांदा दुखू लागला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुखण्याचं कारण शोधावं लागत नाही; वय असतंच तयार. मी तेल लावलं, शेक घेतला.

सहा-सात महिने गेले. लातूरला मुलीला मागे बसवून चाललो होतो. ती म्हणाली, “अब्बा, तुम्ही वाकडे का बसता? डावा खांदा खाली गेलाय तुमचा.” मी म्हटलं, “सरळच तर बसलोय.” ती म्हणाली, “तुम्हाला मागून कुठं दिसतं?”

गंजगोलाईच्या बाजूला ओळखीच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्यानं पुढचं चाक सरळ धरलं आणि मला मुठी पाहायला सांगितल्या. डावी मूठ बोटभर मागे आणि खाली! इतके दिवस गाडी सरळ चालवण्यासाठी मीच वाकडा होत होतो. सवय झाली की वाकडंही सरळ वाटतं.

खरा धक्का पुढे होता. क्लॅम्पचे बोल्ट काढून त्यानं हँडल हातात दिलं. क्लॅम्पच्या कडेला मुलामा उडालेला आणि तिथं केसाएवढी गंजलेली रेघ. मिस्त्री म्हणाला, “भाईसाब, ऊपर से सीदा दिखरा, अंदर से टूटको है.” माझ्या पोटात खड्डा पडला. याच हँडलच्या भरवशावर मी लेकीला मागे बसवत होतो.

तार दोन-चारदा उलटसुलट वाकवली की तुटते, हे आपण लहानपणी करून पाहिलेलं असतं. हँडल म्हणजे पोलादी पोकळ नळीच. एकदा वाकली की तिथं ती कमजोर होते. ओढून सरळ केली की आणखी. गॅसवर तापवली तरी गेलेली ताकद परत येत नाही. म्हणून वाकलेलं हँडल सरळ करायचं नसतं, बदलायचं असतं.

खांद्याचं निमित्त करून मी जरा उंच हँडल मागितलं. मिस्त्रीनं नकार दिला. उंच हँडलला क्लचची, ब्रेकची, अ‍ॅक्सिलेटरची वायर पुरत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. त्याच मापाचं नवं हँडल बसलं.

त्यानं टाकीवर फडकं टाकलं, बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले. मला सीटवर बसवून मनगट मोडणार नाही असा कोन ठरवला. अ‍ॅक्सिलेटरची मूठ पिळून सोडली. ती आपोआप मागे आली पाहिजे. मग गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं आणि कान दिला. वळवताना इंजिनचा आवाज वाढला, तर वायर ओढली जातेय असं समजायचं. अशी गाडी वळणावर अंगावर येते. तुम्ही हँडल बदलाल तेव्हा एवढं आपल्यासमोर करून घ्या. जुनं हँडल त्यानं माझ्यासमोरच कापून भंगारात टाकलं. दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागू नये म्हणून.

परतताना गंमत झाली. चाकूर येईपर्यंत नवं, सरळ हँडल मला वाकडं वाटत होतं. दोनदा थांबून बोल्ट पाहिले. बोल्ट ठीक होते. खांद्याला जुनी सवय सोडायला वेळ लागत होता.

रात्री मुलीचा फोन आला. “अब्बा, आता सरळ बसता ना?”

मी म्हटलं, “मला कुठं दिसतं? पुढच्या खेपेला मागे बस आणि सांग.”

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)