भंगसाळीच्या कांठीं एक मुक्काम

मुंबईहून रात्रीं निघालेली कोंकणकन्या सकाळीं कुडाळच्या स्थानकांत शिरते, तेव्हां तिच्या डब्यांतून पुष्कळ माणसें उतरतात. परंतु कुडाळ पाहावें म्हणून उतरलेलीं माणसें त्यांत फारच थोडीं. कोणाला मालवणचा किल्ला गांठावयाचा असतो, कोणाला तारकर्लीच्या वाळूंत जावयाचें असतें, कोणी देवबागची होडी आधींच ठरवून आलेला असतो. स्थानकाबाहेर रिक्षा आणि मोटारी उभ्या असतात. त्या भरतात, आणि घटकाभरांत सगळे समुद्राच्या वाटेला लागतात. कुडाळ हें नांव त्यांच्या तिकिटावर राहतें. स्मरणांत राहत नाहीं.

ज्या गांवीं केवळ गाडी बदलण्यापुरतें थांबावें, असेंच हें गांव आहे काय?

इंग्लंडांतील नदीकांठच्या जुन्या गांवांवर असाच प्रसंग एकदां आला होता. घोड्यांच्या टपालगाड्या धांवत होत्या तोंवर वाटेवरच्या गांवीं रात्र काढणें प्रवाशाला भागच होतें, आणि तेथील उतारशाळा त्यामुळें गजबजलेल्या असत. एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली; दोन दिवसांची वाट कांहीं तासांवर आली, आणि पुष्कळ उतारशाळांचे दरवाजे बंद झाले. तथापि कांहीं गांवांनीं प्रवाशाला थांबण्यास दुसरें कारण दिलें. एव्हन नदीच्या तीरावरील स्ट्रॅटफर्डला लोक दिवसां शेक्सपिअरचें जन्मघर पाहतात आणि रात्रीं नदीकांठच्या नाट्यगृहांत त्याचेंच नाटक पाहतात. दिवसां घर आणि रात्रीं नाटक अशी जोड मिळाली म्हणजे मुक्काम आपोआप पडतो. कुडाळजवळ ही जोड आहे किंवा नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

कुडाळची नदी सह्याद्रींतून येते. गांवांत तिला भंगसाळ म्हणतात. खालच्या अंगाला तिचें नांव कर्ली होतें. नेरूर-वालावलच्या बाजूस पात्र रुंदावतें, भरतीचें खारें पाणी आंत चढतें, दोन्ही कांठांवर माडांच्या रांगा दिसूं लागतात, आणि अखेर देवबाग व भोगवे यांच्यामध्यें ती समुद्राला मिळते. प्रवासी देवबागला जाऊन ज्या संगमाचें कौतुक करतो, त्याची वरची वाट कुडाळवरूनच गेलेली असते. आषाढांत मात्र हीच नदी फुगते व सखल भागांत पाणी शिरतें. त्यामुळें सवडीनें हिंडावयाचें असल्यास कार्तिक ते माघ हे महिने उत्तम.

नदीकांठाला वस्ती किती जुनी आहे, याची साक्ष नेरूर येथें सांपडलेल्या ताम्रपटांनीं दिली आहे. बदामीच्या चालुक्यांचीं दानपत्रें या गांवीं मिळालीं. त्यांतील एक राणी विजयभट्टारिकेच्या नांवाचें आहे. ही दुसऱ्या पुलकेशीचा पुत्र चंद्रादित्य याची पत्नी. सातव्या शतकांत एका राणीनें स्वतःच्या नांवें भूमिदान केलें, आणि त्याचा लेख या नदीच्या शेजारच्या गांवानें सांभाळला, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढें आदिलशाहींत कुडाळ हें प्रांताचें ठाणें झालें. कुडाळच्या प्रभु देसायांची सत्ता मागें पडून वाडीच्या सावंतांची सत्ता येथें स्थिरावली. इ. स. १६६४ मध्यें शिवाजीमहाराजांनीं आदिलशाही सरदार खवासखान याचा कुडाळच्या परिसरांत पराभव केला, आणि त्याच वर्षीं २५ नोव्हेंबरला मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. सिंधुदुर्ग पाहण्यास निघालेला प्रवासी कुडाळला उतरतो आणि मागें न पाहतां निघून जातो; परंतु त्या किल्ल्याच्या कथेचें आदलें पान येथेंच लिहिलें गेलें आहे. १९४८ सालीं सावंतवाडी संस्थान विलीन होऊन हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यांत गेला, आणि १ मे १९८१ रोजीं स्वतंत्र सिंधुदुर्ग जिल्हा झाला. जिल्ह्याचें मुख्य ठाणें ओरोस हेंही कुडाळ तालुक्यांतच आहे.

कुडाळच्या जुन्या किल्ल्याची खूण म्हणून आज घोडेबाव दाखवितात. बाव म्हणजे विहीर. घोड्याला थेट पाण्यापर्यंत उतरतां यावें अशी तिची पायवाट आंतून बांधून काढलेली आहे. तट गेला, पागा गेली, स्वार गेले. परंतु तहानलेल्या जनावरासाठीं केलेली सोय उरली. राज्यकर्त्यांच्या कीर्तीपेक्षां त्यांनीं केलेली पाण्याची सोय अधिक काळ टिकते, हें या बावीपाशीं उभें राहिल्यावर निराळें सांगावें लागत नाहीं.

कुडाळ हें नांव गांवाच्या शिवेबाहेरही पसरलें. कुडाळदेशकर ही ज्ञातीची ओळख त्यावरूनच आली. आणि आज जिला सर्वत्र मालवणी म्हणतात त्या बोलीची नोंद ग्रिअर्सन यांनीं आपल्या भाषापाहणीच्या ७ व्या खंडांत कुडाळी या नांवानें केली आहे. तो खंड १९०५ सालीं निघाला.

दिवसां पाहावयाचें तें असें पुष्कळ आहे. वालावलला तळ्याच्या कांठीं लक्ष्मीनारायणाचें देऊळ आहे. पाण्यांत त्याची सांवली पडलेली पाहावयाची तर सकाळींच जावें. पिंगुळी गांव कुडाळला लागूनच आहे. तेथील ठाकर समाजानें चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला. एकेक चित्र पुढें धरून रामायण-महाभारतांतील आख्यान गाऊन सांगणें, ही चित्रकथीची रीत. ही कला राखणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरच्या कला-आंगणांत हीं चित्रें व बाहुल्या पाहावयास मिळतात.

परंतु या मुलखाचें खरें धन दिवसां दिसत नाहीं. कार्तिकांत गांवोगांवच्या जत्रा सुरू होतात, आणि देवळापुढच्या मोकळ्या जागेंत दशावतार उभा राहतो. पालखी फिरून झाल्यावर, रात्र बरीच चढल्यावर, पेटीचा सूर लागतो, मृदंगावर थाप पडते, झांज वाजूं लागते. गणपति येतो, शारदा येते, संकासुर येऊन हंसवितो. मग आख्यान रंगतें. नटांच्या हातीं लिहिलेली संहिता नसते. संवाद जागच्या जागीं सुचलेले असतात. स्त्रीवेष पुरुषच घेतात, आणि तो इतका बेमालूम असतो कीं नवख्याला सांगूनही पटूं नये. पहांटे दहीकाला होतो व लोक घरोघर जातात. संध्याकाळच्या गाडीनें परत फिरणाऱ्या माणसाला यांतलें कांहीं दिसणें शक्य नाहीं. स्ट्रॅटफर्डच्या नाटकाला तिकीट लागतें. या नाटकाला रात्र द्यावी लागते.

तेव्हां राहावें कोठें, हा प्रश्न येतो. ज्याला दुसऱ्या दिवशीं पहांटेची गाडी धरावयाची आहे, त्यानें बाजाराकडील एखादा साधा लॉज पाहावा. तेथें खानावळ जवळ पडते, आणि सकाळीं स्थानकाकडे जाण्यास रिक्षा मिळते. ज्याला देवदर्शन मुख्य आहे, त्यानें माणगांवला जावें. वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबेस्वामी, यांचा जन्म १८५४ मध्यें तेथें झाला. दत्तमंदिरापाशीं भक्तनिवास आहे. तेथें देवळाची शिस्त पाळावी लागते, व ती पाळण्यांतच तेथील शांतीचा लाभ आहे.

परंतु ज्याला मुलूख कळावा अशी इच्छा असेल, त्यानें नदीकडील गांवांतल्या घरीं उतरावें. राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेमुळें घरांतल्या खोल्या पाहुण्यांना देण्याची वाट मोकळी झाली. असें घर म्हणजे हॉटेल नव्हे. चिऱ्याच्या भिंती, पुढें पडवी आणि सारवलेलें खळें, मागें न्हाणी आणि बाव. जेवण सांगितल्यावांचून तयार नसतें. मासळी हवी असल्यास आदल्या दिवशीं बोलावें, आणि सोमवारीं तिचा आग्रह धरूं नये. सकाळीं घावणे किंवा आंबोळ्या व काळ्या वाटाण्याचें सांबारें, दुपारीं भात आणि सोलकढी, रात्रीं कुळथाची पिठी, एवढ्यानें जो तृप्त होईल त्याला तेथें उणें कांहीं पडत नाहीं. गणेशचतुर्थीच्या व मे महिन्याच्या गर्दींत मात्र गाडीची आणि घराची सोय बरीच आधीं करावी.

अशा मुक्कामाचा लाभ एकट्या प्रवाशालाच होतो असें नाहीं. या तालुक्यांत किती तरी घरें अशीं आहेत कीं त्यांतलीं कर्तीं माणसें मुंबईला आहेत. चाकरमानी गणपतीला येतो, दारें उघडतात, दहा दिवस आरत्यांचा घोष चालतो, आणि मग पुन्हा कुलूप लागतें. मागें राहतात ते वृद्ध आईबाप. बंद घराचें लांकूड वाळवी खाते, कौलें सरकतात, आणि एका पावसाळ्यांत भिंत बसते. २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वेचा मार्ग पूर्ण खुला झाला. त्याच गाडीनें मुलें शहराकडे नेलीं, आणि तीच गाडी पाहुण्यांना आणते. पाहुणा जर नुसता पुढें गेला, तर गांवाच्या वांट्याला गाडीची शिटी तेवढी येईल. तो एक रात्र राहिला, तर एका घराची चूल पेटेल, एक खोली झाडली जाईल, आणि घरच्या मुलाला आपलें घर ओझें नसून आधार आहे असें वाटण्यास कांहीं कारण मिळेल. सगळीं घरें यानें उघडतील असें नाहीं. जीं उघडतील तीं मात्र पडणार नाहींत.

संध्याकाळीं नदीवरून परतलेला पाहुणा पडवींत बसतो. घरची काकी पाण्याचा तांब्या पुढें करते आणि कोंकणांत प्रत्येक पाहुण्याला विचारतात तेंच विचारते, "आज रवतलात मां?" राहणार ना, एवढाच त्याचा अर्थ. कुडाळ पाहावयाचें असेल, तर या प्रश्नाला होय म्हणावें.