घरातील समुद्रपुष्प

समुद्रपुष्प नावाने फूल असले तरी तो प्राणी आहे, आणि तोही चार दिवसांचा पाहुणा नव्हे. डॅलिएल नामक स्कॉटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून आणलेले पुष्प एडिंबरो येथे साध्या काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगले; मालक १८५१ सालीच निवर्तला होता! पंप नव्हता, वीज नव्हती. समुद्राचे पाणी मात्र वरचेवर बदलीत असत.

ते थंड समुद्रातले. आपल्या दुकानांत येतात ती बहुधा उष्ण समुद्रांतली. त्यांच्या अंगातील सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करून त्यांस पुरवितात. म्हणून त्यांना भरपूर उजेड हवा. पांढरेफटक पुष्प सुंदर दिसते खरे, पण त्याची शैवाले गेलेली असतात. ते आम्ही फुकटही घेणार नाही. नवी पेटी निदान सहा महिने मुरू द्यावी. पाणी आटले तर गोडेच घालावे, कारण मीठ उडून जात नाही. विशिष्ट गुरुत्व १·०२५ च्या आसपास स्थिर राहावे. पुष्प जागा शोधीत सरकू लागले तर ओढू नये. मात्र पंपाच्या तोंडाला आधीच जाळी बसवावी. तेथे चिरडलेले एक पुष्प रातोरात सारे पाणी नासवू शकते, आणि सकाळी मासेही उलटे तरंगताना दिसतात.