समतोलाचे फलक आणि रविवारची सुट्टी



घोडबंदर रोडच्या परिसरात एकेकाळी कारखान्यांचे भोंगे वाजत. भोंगा कर्कश असे. परंतु काम केव्हा सुरू होते आणि केव्हा संपते, हे तो निःसंदिग्धपणे सांगे. आज माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंतच्या संकुलांतून कामावर निघणाऱ्या नोकरदाराला असा भोंगा उरलेला नाही. कार्यालयाच्या भिंतीवर काम आणि कुटुंब यांच्या समतोलाचे फलक असतात. आणि रात्री 10 वाजता, ताटावर बसल्यावर, साहेबांचा निरोप येतो. यातील कोणता शब्द खरा मानायचा?

1848 मध्ये याच ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण येथे अपरिहार्य ठरते. मुंबईच्या गिरणी कामगारांना तेव्हा साप्ताहिक सुट्टीची शाश्वती नव्हती. 1884 मध्ये लोखंडे यांनी सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, 15 तारखेपर्यंत वेतन! प्रत्येक मागणी घड्याळावर वा दिनदर्शिकेवर मोजता येणारी होती. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

आजचे उद्योगधुरीण काय सांगतात? ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला 70 तास कामाचा सल्ला दिला. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे 90 तासांविषयीचे आणि रविवारी काम करवून घेता येत नसल्याच्या खंतीचे उद्गार गाजले. कंपनीने त्यामागे राष्ट्रउभारणीची तळमळ सांगितली. तळमळीविषयी शंका नको. पण राष्ट्र घरातही घडते. मुलांच्या अभ्यासाजवळ बसणारा पिता, वृद्ध सासऱ्यांचे औषधपाणी पाहणारी सून हेही राष्ट्रकार्यच करीत असतात.

राज्य सरकारने 2025 मध्ये आस्थापनांतील दैनंदिन कामाची मर्यादा 9 वरून 10 तासांवर नेण्याचा निर्णय घेतला; आठवड्याचे 48 तास मात्र कायम ठेवले. घोडबंदरच्या वाहतूक कोंडीत जाणारा वेळ यात कोठेच धरलेला नाही.

म्हणून मालकांनी फलकांऐवजी आकडा द्यावा. कामाचे तास नेमणूकपत्रात लिहावेत, त्यानंतरच्या निरोपाला सकाळी उत्तर चालेल हे सांगावे, आणि वरिष्ठांनी ते स्वतः पाळावे. नोकरदारांनीही संघटितपणे, सौजन्याने पण ठामपणे, हा आकडा मागावा. रविवार कोणी दान दिलेला नाही. तो सहा वर्षांच्या चिकाटीने मिळवलेला आहे.