औंधच्या राजाने राज्य रयतेला दिले



राजाकडून राज्य घ्यायचे तर लढाई करावी लागते, असे आपण ऐकत आलो. पण एका राजाने आपण होऊन कारभार रयतेच्या हाती दिला. त्याची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. तिचा धागा आपल्या वर्धा जिल्ह्यात येऊन पोचतो, म्हणून तर सांगायची.

औंध हे सातारा जिल्ह्यातले गाव. इंग्रजांच्या वेळी तिथे लहानसे संस्थान होते. गावे अवघी ७२. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. गावेसुद्धा सलग नव्हती. काही साताऱ्यात, काही आटपाडीकडे, काही तर पार विजापूरकडे. भोवती इंग्रजी मुलूख, आणि पाण्यात बेटे असावीत तशी ही गावे. राजाचे नाव भवानराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. सूर्यनमस्काराचा त्यांना मोठा नाद. चित्रेही काढीत. किर्लोस्करांना नांगराच्या कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ दिला, तो याच राजाने, १९१० साली.

१९३८ साली राजाने जाहीर केले, की यापुढे कारभार रयतेने करावा. ठीक. पण कसा करावा, याचा कायदा लिहायचा कोणी? राजाचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंड देशाचा एक इंजिनियर त्यांचा मित्र झाला होता. दोघे गांधीजींचा सल्ला घ्यायला शेगावला आले. शेगाव म्हणजे आपलं सेवाग्रामच. हे नाव पडलं १९४० साली.

गांधीजींनी सांगितले, सुरुवात खालून करा. गावाने पाच पंच निवडावेत. शाळा, पाणी, सफाई त्यांनी बघावी. भांडणाचा निवाडाही शक्यतो गावातच व्हावा. गावांवर तालुक्याची पंचायत, आणि तिच्यावर सगळ्या संस्थानचे विधिमंडळ. राजाच्या खर्चालाही मर्यादा घातली. जानेवारी १९३९ मध्ये हा कायदा झाला. अप्पासाहेब पहिले पंतप्रधान झाले. राजाचा मुलगाच पंतप्रधान, हे काहींना खटकेल. आम्हालाही थोडं खटकतं. पण वाट नवी होती.

या राज्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत निघाली. तिथे कैदी भिंतीवाचून राहून शेती करीत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा तिच्यावरूनच निघाला.

आता तुमच्या-आमच्या कामाची गोष्ट. मत कोणाला द्यायचे? गांधीजींचे म्हणणे पडले, की ज्याला लिहिता-वाचता येते त्याला. मत हा मान आहे, त्यासाठी माणसाने थोडे कष्ट घ्यावेत. आणि सरकारने निरक्षरांना झटपट शिकवावे, म्हणजे कोणी बाहेर राहणार नाही. अप्पासाहेबांनी तर सहा महिन्यांत निरक्षरता घालवतो, असा शब्द दिला.

आम्ही जन्मभर अक्षरे शिकवली. तरी ही अट आम्हाला पटत नाही. बाईला शाळेत कोणी घातले नाही, गड्याला लहानपणीच गुरामागे धाडले, यात त्यांचा काय दोष? आधी शाळा नाही, आणि मग मतही नाही! शेतसारा घेताना मात्र अक्षर येतं का, असं कोणी विचारलं नव्हतं.

पुढे ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात सामील झाले आणि तो कारभार संपला. १९५१-५२ ची देशाची पहिली निवडणूक आली, तेव्हा अक्षराची अट ठेवली नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चित्र. बैलजोडी, झोपडी, असं काही. चित्र ओळखले की मत देता येई.

मात्र गांधीजींच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असेही नाही. चित्र बघून पंच निवडता येतो. पण पंचायतीने नळावर किती खर्च केला, हे चित्र बघून कळत नाही. ते वहीत लिहिलेले असते. ग्रामसभेची नोटीस फळ्यावर लागते, तीही अक्षरांतच.

तर मताला अक्षराची अट असावी की नसावी? तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी दोन्ही दिवस पाहिलेत, अंगठ्याचे आणि सहीचे. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपले मत दोन ओळींत लिहून आणावे. शुद्धलेखन आम्ही तपासणार नाही.